मेरान: एका सुरुवातीची आणि एका डावाची ओळख

बुद्धिबळाच्या डावातल्या पहिल्या दहा-पंधरा चालींना 'सुरुवात' म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात मात्र 'ओपनिंग' हाच शब्द रुळला आहे. या चालींत तीन कामे उरकायची असतात. घोडे आणि उंट मागच्या रांगेतून बाहेर काढायचे, पटाच्या मधल्या चार घरांवर पकड मिळवायची आणि किल्लेकोट करून राजाला आडोशाला न्यायचे. ही कामे करण्याच्या शेकडो रीती गेल्या काही शतकांत नावारूपाला आल्या. कुणाला गावाचे नाव मिळाले, कुणाला देशाचे, कुणाला खेळाडूचे. 'मेरान' ही त्यांपैकीच एक. ती काळ्या बाजूने खेळली जाते. सेमी-स्लाव्ह या बचावाची ती एक शाखा आहे आणि तिच्या मुळाशी एकच सरळ हेतू आहे. तो हेतू काय आहे, आणि तो नीट उमगलेला खेळाडू पटावर काय करू शकतो, हे जानेवारी २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी या गावी झालेल्या एका डावातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कशातूनही दिसत नाही. काळ्या बाजूला विश्वनाथन आनंद होता आणि पांढऱ्या बाजूला लेव्हॉन अ‍ॅरोनियन.

ही ओळख जळगाव-धुळ्याकडच्या खेळाडूंसाठी असण्याला कारण आहे. जळगावात शालेय गटापासून राष्ट्रीय पातळीपर्यंतच्या स्पर्धा होतात आणि जैन उद्योगसमूहाने या खेळाला दीर्घकाळ पाठबळ दिले आहे. २०१३ सालची राष्ट्रीय प्रीमियर स्पर्धा, म्हणजे देशाचा विजेता ठरवणारी स्पर्धा, जळगावातच झाली आणि चेन्नईचा ग्रँडमास्टर कृष्णन शशिकिरण ती जिंकला. शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी त्याच वर्षी ग्रँडमास्टर झाला. पुढे २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन इथली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून तो २०२४ च्या टोरांटोमधल्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, खेळला. खानदेशातल्या मुलाला मोठा खेळ पाहायला आता फार लांब जावे लागत नाही.

तरीही सुरुवातीच्या बाबतीत एक अडचण कायम आहे. शनिवार-रविवारच्या कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीला सभागृहाच्या कडेला उभे राहिले की ती दिसते. पंचांनी घड्याळे सुरू करायला सांगितले की पहिली काही मिनिटे नुसता बटणांचा आवाज येत राहतो. मुले भराभर खेळतात, चाल लिहितात, पुन्हा खेळतात. नोंदीच्या कागदावर दहा ओळी भरतात तेव्हा घड्याळातली जेमतेम दोन मिनिटे गेलेली असतात. मग समोरचा खेळाडू एखादी अशी चाल करतो, जी मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितीत नव्हती. पेन्सिल थांबते. मूल छताकडे पाहू लागते, शेजारच्या पटाकडे पाहू लागते, आणि बाराव्या चालीला घोडा जिथून आला तिथेच परत जातो. पाठांतर संपलेले असते. पाठ केलेल्या चालींमागचा हेतू कुणी सांगितलेलाच नसतो, त्यामुळे पुढे काय करायचे हे कळण्याचा मार्गही उरत नाही.

या सवयीची मुळे थोडी जुनीही आहेत. आपल्याकडे देशी नियमांनी जे बुद्धिबळ खेळले जाई त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. राजाला एकदा घोड्याच्या चालीने उडी मारण्याची मुभा असे, तीही त्याला तोवर शह बसला नसेल तर. प्यादी अशी एकेक घर सरकत असल्यामुळे दोन्ही फौजा एकमेकींना भिडायला वेळ लागे. प्रत्येक जण आपल्या बाजूला हवी ती मांडणी निवांतपणे उभी करी आणि खरी लढाई नंतर सुरू होई. त्यामुळे जुन्या जाणकारांचे लक्ष शेवटाकडे, मातीकडे असे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले. त्याचाही भर मात करण्याच्या कूटांवर आहे. त्या परंपरेतून आलेला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने जिंकली आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत कॅपाब्लांकालाही हरवले. पण सुरुवातीच्या चाली हा त्याचा कच्चा दुवा होता असे त्याचे चाहतेही मान्य करतात. डावाच्या मध्यापासून तो कुणालाही भारी पडे, पण तोवर बहुतेकदा त्याला तोट्यातून वाट काढावी लागे.

महाराष्ट्रात हे चित्र बदलायला काही पिढ्या लागल्या. १९५५ साली एलुरू इथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने खेळाला घर मिळवून दिले. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिली दहा वर्षे ते अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींच्या घराबाहेर गेले नाही. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, भारतातले तिसरे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी इथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. या वाटेवरच्या प्रत्येकाला सुरुवातीचा अभ्यास आपापल्या काळाच्या साधनांनी करावा लागला. कुणी परदेशी मासिकांची कात्रणे जमवली, कुणी संगणकावरच्या लाखो डावांच्या साठ्यात शोध घेतला. आज तो साठा प्रत्येकाच्या खिशात आहे. साठ्यातून अर्थ काढणे मात्र अजूनही ज्याचे त्यालाच करावे लागते.

आता मेरान. पुढील मजकूर पट समोर मांडूनच वाचावा. पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच ही नावे आहेत आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे अंक.

पांढरा वजिरापुढचे प्यादे डी४ वर आणतो, काळा डी५ वर. पांढरा सी४ खेळून त्या प्याद्यावर दाब आणतो आणि काळा सी६ खेळून त्याला आधार देतो. इथवर हा स्लाव्ह बचाव झाला. मग पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा एफ६ वर, पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वर, आणि काळ्याचे प्यादे ई६ वर. डी५ च्या प्याद्याला आता सी६ आणि ई६ असे दोन्ही बाजूंनी टेकू मिळाले. याला सेमी-स्लाव्ह म्हणतात. मांडणी दगडी भिंतीसारखी भक्कम आहे, पण तिची किंमत लगेच दिसते. काळ्याचा सी८ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला गेला. ई६ चे प्यादे त्याची एक वाट अडवते, आणि बी७ वर गेला तरी पुढे सी६ चे प्यादे आडवे येते. सेमी-स्लाव्ह खेळणाऱ्यापुढचा खरा प्रश्न या एका उंटाचा आहे. त्याला उजेडात आणायचे तर सी६ चे प्यादे कधीतरी सी५ वर ढकलावेच लागणार.

पाचव्या चालीला पांढरा ई३ खेळतो आणि काळा घोडा डी७ वर आणतो. सहाव्या चालीला पांढऱ्याचा उंट डी३ वर येतो आणि काळा त्याच क्षणाची वाट पाहत असतो. तो डी५ च्या प्याद्याने सी४ चे प्यादे मारतो. हीच मार आधी मारली असती तर पांढऱ्याच्या उंटाने मूळ घरातून एकाच उडीत सी४ गाठले असते. आता तो आधी डी३ वर आणि मग सी४ वर, अशा दोन चाली खर्च करतो. सातव्या चालीला उंटाने सी४ वर परत मारले की काळा बी५ खेळून त्याला पुन्हा पिटाळतो. उंट परत डी३ वर जातो. या ढकलाढकलीत काळ्याने बी प्यादे पुढे आणले, बी७ चे घर कोंडलेल्या उंटासाठी मोकळे केले आणि यांपैकी कशासाठीही वेळ गमावला नाही. मेरान ती हीच. इथून पुढे काळ्याच्या प्रत्येक योजनेचे एकच लक्ष्य असते, ते म्हणजे सी५.

नाव पडले ते इटलीच्या उत्तर टोकाशी, आल्प्सच्या कुशीत वसलेल्या मेरान या गावावरून. १९२४ साली तिथे झालेल्या स्पर्धेत अकिबा रुबिनस्टाइनने अर्न्स्ट ग्रुनफेल्डविरुद्ध ही मांडणी खेळली आणि तेव्हापासून ती जगभर गेली. आठव्या चालीला काळा काय खेळतो यावरून तिच्या उपशाखा पडल्या. ए६ खेळून आधी बी५ च्या प्याद्याला आधार द्यायचा आणि मग सी५ ढकलायचे, ही जुनी आणि सर्वांत जास्त तपासलेली रीत. आनंदने २००८ मध्ये बॉन इथे जगज्जेतेपदाच्या लढतीत व्लादिमीर क्रॅमनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा असे दोन डाव काळ्या बाजूने याच शाखेतून जिंकले आणि ती लढत जवळपास तिथेच फिरली. मेरान त्याच्या हातचे हत्यार होते, असे म्हणण्याला हा पक्का आधार आहे.

वाइक आन झीच्या डावात त्याने आठव्या चालीला वेगळी वाट धरली. त्याने उंट डी६ वर आणला. तिथून तो पांढऱ्याच्या राजाच्या बाजूकडे, थेट एच२ कडे रोखलेला असतो. दोघांनी किल्लेकोट केला. पांढऱ्याचा वजीर सी२ वर आला, काळ्याचा उंट बी७ वर. पांढऱ्याने ए३ खेळले, काळ्याने हत्ती सी८ वर उभा केला. वरवर पाहता हा हत्ती विनोदी जागी उभा वाटतो, कारण त्याच्यापुढे स्वतःचेच प्यादे आहे आणि शेजारचा उंटही त्याच प्याद्यामुळे आंधळा आहे. पण सी६ चे प्यादे ज्या दिवशी हलेल त्या दिवशी दोघांनाही एकदम डोळे येणार आहेत.

बाराव्या चालीला अ‍ॅरोनियनने घोडा जी५ वर उडवला. आता घोडा आणि डी३ चा उंट, दोघांची नजर एच७ च्या प्याद्यावर. सभागृहातल्या त्या मुलाने इथे एच६ किंवा जी६ खेळून प्यादे वाचवले असते आणि त्यात गैर वाटण्यासारखे काही नाही. आनंदने सी५ खेळले. एच७ चे प्यादे तर जाणारच होते, शिवाय सी६ चा आधार गेल्यामुळे बी५ चेही उघडे पडले. बदल्यात बी७ च्या उंटाला पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थेट जी२ पर्यंत मोकळी वाट मिळाली, आणि सी ओळ उघडली की सी८ चा हत्ती पांढऱ्याच्या वजिरावर रोखला जाणार हे ठरले. पहिल्या चालीपासून मेरान ज्यासाठी मांडली ते इथे, संकटाच्या ऐन क्षणी, घडले.

पांढऱ्याने एच७ मारले. आनंदने त्या घोड्याला हातही लावला नाही. त्याने एफ६ चा घोडा जी४ वर आणला आणि एच२ वर मातीचा धाक दिला. पांढऱ्याने एफ४ खेळून डी६ च्या उंटाची वाट अडवली. काळ्याने सी प्याद्याने डी४ मारले, पांढऱ्याने ई प्याद्याने परत मारले. पंधराव्या चालीला काळ्याचा उंट सी५ वर आला, प्याद्याच्या तोंडात. सोळाव्या चालीला पांढऱ्याने उंट ई२ वर घेऊन जी४ च्या घोड्यावर हल्ला केला, तेव्हा आनंदने दुसराही घोडा ई५ वर, एफ४ च्या प्याद्याच्या तोंडी दिला.

इथे थांबून एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. समजा पांढऱ्याने एफ प्याद्याने तो घोडा मारला. काळा वजिराने डी४ चे प्यादे मारून शह देतो. राजा एच१ च्या कोपऱ्यात गेला तर काळा वजीर जी१ वर टाकून पुन्हा शह देतो. राजाला तो मारता येत नाही, कारण सी५ चा उंट दुरून त्या घरावर नजर ठेवून आहे. हत्तीला तो मारावाच लागतो. आणि मग जी४ चा घोडा एफ२ वर जातो, शह आणि मात. राजाच्या बाजूला स्वतःचा हत्ती, पुढे स्वतःची दोन प्यादी, आणि हलायला एकही घर नाही. पटावर हे हाताने करून पाहिल्याशिवाय त्यातला आनंद कळत नाही.

अ‍ॅरोनियनला ते दिसले होते. त्याने उंटाने जी४ चा घोडा मारला. काळ्याचा उंट डी४ वर मारत शह देऊन गेला, राजा एच१ वर आला, काळ्याने ई५ च्या घोड्याने जी४ वर परत मारले, आणि पांढऱ्याच्या घोड्याने एफ८ चा हत्ती टिपला. काळ्याचा एक हत्ती गेला आहे आणि पांढऱ्याचा वजीर एच७ वर शह द्यायला टपलेला आहे. अशा वेळी आनंदची एकोणिसावी चाल आहे एफ५. ना शह, ना मार. एकच प्यादे दोन घरे पुढे. त्याने जी४ च्या घोड्याला आधार दिला आणि पांढऱ्याच्या वजिराची वाटही बंद केली. इतक्या पळापळीत अशी शांत चाल सापडणे ही या डावातली सर्वांत अवघड गोष्ट होय, बलिदानांपेक्षाही अवघड.

पुढे घोडा जी६ वर, काळ्याचा वजीर एफ६ वर, पांढऱ्याचे एच३, आणि वजिराने जी६ चा घोडा टिपला. पांढऱ्याचा वजीर ई२ वर, काळ्याचा एच५ वर, पांढऱ्याचा वजीर एच३ राखायला डी३ वर. तेविसाव्या चालीला काळ्याचा उंट ई३ वर येऊन पांढऱ्याच्या वजिराची तीच ओळ तोडतो. आता वजिराने एच३ मारण्याचा धाक आहे आणि जी२ चे प्यादे त्याला मारू शकत नाही, कारण बी७ चा उंट त्या प्याद्याला राजासमोर खिळवून आहे. सी६ मागे कोंडलेला तोच उंट. अ‍ॅरोनियनने डाव सोडला.

डावानंतर आनंदने सांगितले की ही कल्पना त्याच्या चमूने २०१२ मधल्या बोरिस गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी तयार केली होती. म्हणजे घरच्या तयारीचा वाटा यात मोठा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण तयारीला मुळे असतात. १९०७ साली लोड्झ इथे रॉटलेवीविरुद्ध काळ्या बाजूने खेळताना रुबिनस्टाइननेही सी४ ची मार, बी५ आणि बी७ चा उंट असाच क्रम लावला होता. त्या डावातही काळ्याचे दोन्ही उंट पांढऱ्या राजावर रोखले गेले, घोडा जी४ वर आला आणि हत्ती-वजीर पणाला लागले. बाविसाव्या चालीला त्याने हत्तीने सी३ मारले, स्वतःचा वजीर मरू दिला, आणि पंचविसाव्या चालीनंतर पांढऱ्याने डाव सोडला. वाइक आन झीचा डाव पाहताना जाणकारांना लगेच तो आठवला, आनंदलाही. सतरा वर्षांनंतर मेरान गावी ज्याच्या खेळातून ही सुरुवात जगाला कळली तो हाच रुबिनस्टाइन, आणि एकशे सहा वर्षांनंतर आनंद त्याच विचाराच्या टोकाला पोहोचला होता. चाली वेगळ्या आहेत. उंटांची दिशा, घोड्याचे घर आणि धाडसाचे कारण एकच आहे.

शिकणाऱ्याने मेरानमध्ये किती चाली लक्षात ठेवाव्यात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पहिल्या आठ पुरेत. त्यांपुढे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे की सी५ आत्ता होते का, होत नसेल तर कशामुळे अडले आहे, आणि झाले तर बी७ चा उंट कुणाकडे पाहील. समोरच्याने पुस्तकाबाहेरची चाल केली तरी हे तीन प्रश्न तसेच राहतात. त्यामुळे छताकडे पाहत बसण्याची वेळ येत नाही. पांढऱ्या बाजूने खेळणाऱ्याने हेच प्रश्न उलटे विचारावेत. सी५ लांबवता येते का, आणि ई४ ढकलून त्याआधी मधली घरे आपल्याला मिळतात का? मेरानमधली बरीचशी लढाई या दोन प्याद्यांची शर्यत असते.

सुरुवात शिकवणाऱ्या जळगाव-धुळ्यातल्या प्रशिक्षकांकडे एक मागणे आहे. मुलांना वीस सुरुवातींची नावे देण्याआधी या एका डावाच्या तेवीस चाली लाकडी पटावर, काळ्या बाजूला बसवून, हाताने करून घ्याव्यात. बाराव्या चालीपाशी थांबावे, घड्याळ बंद ठेवावे आणि मूल स्वतःहून सी५ सुचवेपर्यंत उत्तर सांगू नये.